पांढरकवडा ते नागपूर रोडवर चांगलं सॅन्डविच कुठं भेटते? लोकल दुकान बरं का चेनवालं?

पांढरकवडा_४४
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण माह्यासाठी मोठा आहे, म्हणून जरा लांब लिहून रायलो. आईचं वय ६८, मागच्या वर्षी तिची अँजिओप्लास्टी झाली, तवापासून दर महिन्याला नागपूरले दाखवायला न्या लागते. पहाटे ५ ले घरून निघतो, दवाखान्यात नंबर लागता लागता दुपारचे १-२ वाजतात अन् घरी परत यायला रात्रीचे ८. सकाळची पोळी-भाजी डब्यात नेतोच, पण ती सकाळीच संपवा लागते, एप्रिल-मे मधे दुपारी डबा उघडला का भाजीले वास येते. मागच्या खेपेला आलूची भाजी तशीच्या तशी फेकून द्या लागली, आईचा जीव तुटला.

आता रोडवर काय आहे तं वडकी घ्या, हिंगणघाट घ्या, जाम घ्या, गाडी थांबली का समोसा, आलुबोंडा, कचोरी, भजे. पोहे भेटतात पण त्याच्यावर तर्री अन् तर्रीवर तेलाचा थर. डॉक्टरनं आईले तळलेलं पूर्ण बंद सांगितलं, मीठ कमी सांगितलं. तिचे दातही आता कमी झाले. तिले सॅन्डविच आवडते, मऊ असते, "ते डबलरोटीत काकडी घालून देते ना, ते घे" असं म्हणते. म्हणजे मागून मागून एवढंच मागते ती.

तं दोन्हीकडं खाऊन पाह्यलं. एका तालुक्याच्या गावी स्टँडजवळच्या ठेल्यावर घेतलं, ४० रुपयाले, पावाच्या कडा वाळून वाकल्या होत्या, बटर म्हणून काहीतरी पिवळं लावलं होतं जे टाळूले चिकटून बसलं, चटणी आंबूस. आईचं पोट रात्रभर बिघडलं. पुढच्या वेळी मंग हायवेवरच्या एसी फूड प्लाझात एका मोठ्या चेनच्या दुकानात नेलं. स्वच्छ होतं, नाई म्हणत नाई, पण दोघाचे ५०० च्या वर गेले, वरून सात प्रकारचे सॉस दाखवले अन् हिरवी चटणी एकही नाई. आईनं अर्धं खाल्लं अन् हळूच म्हणे "पाव गोड लागते रे", बाकीचं मले दिलं.

मले दुकानाचं नाव नाई सांगितलं तरी चालते. मले हे सांगा का बाहेरून पाहून कसं ओळखायचं का इथलं सॅन्डविच आईले खाऊ घालायच्या लायक आहे का नाई. अन् लोकल बरं का चेन बरं, ज्यानं खरंच दोन्ही खाल्लं त्यानंच सांगा.

हिंगणघाटची_ताई
भाऊ, आधी आईची तब्येत कशी आहे ते सांगा. आमच्या बाबांचं पण असंच झालं होतं, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलंच नाही.

मी शाळेत आहे, १२ वर्ष झाले रोज एसटीनं जाणं येणं, त्यामुळे स्टँडवरचं खाणं मला माहीत आहे. माझं एकच म्हणणं आहे, ठेला लोकल आहे का चेन आहे हे पाहूच नका, काकडी कधी कापली ते पहा. आमच्याकडे एक जण आहे, त्याच्याकडे काकडी, टमाटर, कांदा सगळं अख्खं टोपलीत असते, ऑर्डर दिली का मग तो काकडी सोलते, चाकू पुसते अन् पातळ पातळ चकत्या करते, उकडलेला आलू पण सालीसकट ठेवलेला असते, तुमच्यासमोर सोलून कापते. बीट उकडलेलं असते ते मात्र डब्यात. अन् तो बटर पावाच्या पार कडेपर्यंत लावते, मी एकदा विचारलं तर म्हणे ताई कडेला बटर नाही लागलं तर टमाटरचं पाणी पावात उतरते, दहा मिनिटात चिखल होते. तेव्हापासून मी घरी पण तसंच करते.

त्याच्या शेजारीच दुसरा आहे, त्याच्याकडे सकाळीच सगळं कापून परातीत ओल्या फडक्याखाली. गर्दी त्याच्याकडेच जास्त कारण तो पटकन देते. गर्दीवर जाऊ नका भाऊ. माशी कुठं बसली ते पहा.

आणखी एक, आईसाठी घ्याल तेव्हा आधीच सांगायचं "मसाला टाकू नका". तो जो वरून भुरभुरवतात ना सॅन्डविच मसाला त्यात काळं मीठ, साधं मीठ दोन्ही असते, चटणीत परत मीठ, बटरमध्ये मीठ, पावात मीठ. डब्ल्यूएचओ सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा पण नाही, दिवसभराचं सगळं धरून. अन् चीज स्लाइस तर नकोच, त्यात मीठ भरपूर असते.

भट्टीवाला_वणी
आमची तीन पिढ्याची बेकरी आहे म्हणून पावाबद्दल बोलतो, बाकी तुमी पाहून घ्या. लोक चटणीले नाव ठेवतात, काकडीले नाव ठेवतात, पण सॅन्डविच खराब होते ते बारा आणे पावानं.

तालुक्याच्या गावात पाव दोन जागून येते. एक आमच्यासारख्या भट्टीतून, रात्री पीठ मळून ठेवतो, पहाटे ३-४ ले भट्टीत जाते, ७ पर्यंत गल्लीत पोचते. दुसरा कंपनीचा पॅकिटवाला, गाडीनं येते. ठेलेवाला बहुतेक पॅकिटवालाच वापरते कारण तो कापलेला भेटते अन् जास्त दिवस टिकते, त्यात बुरशी येऊ नाई म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट असते. ते खायले चालते, परवानगी आहे त्याले, त्याच्यात भ्याचं कारण नाई. पण पॅकिटवर तारीख असते ना, ती मागून पाह्याची. लाजाचं नाई. ज्यानं पॅकिट दाखवलं त्याचं खाचं, ज्यानं "ताजाच आहे हो" म्हणून हात मागं नेला तिथून निघाचं.

आता हातानं कसा ओळखायचा तं ऐका. स्लाइस मधातून बोटानं हळू दाबाची. ताजा असन तं खड्डा भरून वर येते. शिळा असन तं दबलेलाच रायते नाईतं तडकते. कड वाकली म्हणजे तो उघडा रायला, तुमच्या आईले तोच दिला असन. अन् एक गोष्ट लोकाइले माहीत नसते, पाव फ्रीजमधे ठेवला तं बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होते, त्यातला स्टार्च थंडीनं कडक होते. बुरशी येत नाई म्हणून दुकानदाराले वाटते ताजा आहे. तो मंग टोस्टरमधे दाबून देते, गरम आहे तवर मऊ लागते, पाच मिनिटानं चामडं. तुमी जर गाडीत नेऊन खाणार असान तं हे ध्यानात ठेवा. ठेवायचाच असन तं फ्रीजरमधे ठेवा लागते, खालच्या कप्प्यात नाई.

ब्राऊन ब्रेड म्हणून कोणी जास्त पैसे घेतले तं पॅकिटवर मागं वाचा, कितीक जागी मैदाच असते अन् रंग कॅरमलचा. पोटॅशियम ब्रोमेटचं, म्हणजे पाव फुगाले पिठात टाकत ती पुडी, लोक अजूनही विचारतात, ते २०१६ सालीच बंद झालं देशात, दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) संस्थेनं पाव तपासून रिपोर्ट काढला त्याच्यानंतर. आमी तं त्याच्या आधीपासूनच वापरत नव्हतो, आमचा बुढा म्हणे पीठ मळाले येत नसन त्याले पुडी लागते.

अन् ते टाळूले चिकटलं ना, ते बटर नाई भाऊ. ते मार्जरीन, तेलापासून केलेलं बटरसारखं. लोणी तोंडात विरघळते, हे नाई विरघळत. डबा पाहा, त्याच्यावर "टेबल मार्जरीन" नाईतं "फॅट स्प्रेड" लिहून असते. २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाले वाईट असते ती चरबी) २ टक्क्याची मर्यादा आहे, पयले जे होतं त्यापेक्षा बरं आहे, पण हृदयाच्या पेशंटले मी तं देणार नाई. आईले बटर नकोच म्हणा, नुसती चटणी लावा अन् लगेच खा.

वरोरा_ते_पुणे
मी पुण्यात सव्वादोन वर्ष एका मोठ्या सॅन्डविच चेनमध्ये काम केलंय, आता गावी परत आलो, शेती पाहतो. नाव घेत नाही. पण दोन्ही बाजू माहिती आहेत म्हणून लिहितोय, इथं लगेच चेन म्हणजे वाईट असं नका ठरवू.

चेनमध्ये काय चांगलं ते आधी. आम्हाला दर काही तासांनी फ्रीजचं टेंपरेचर लिहावं लागायचं, ५ डिग्रीच्या वर गेलं की मॅनेजर धावत यायचा. प्रत्येक डब्यावर स्टिकर, कधी उघडला, कधी फेकायचा. पहिल्या आठवड्यात मी एकदा कापलेल्या टमाटरचा अर्धा ट्रे फेकला, वेळ झाली होती म्हणून, नि मला खरंच रडू आलं कारण आमच्या वावरातले टमाटर विकायला माय १० किलोमीटर जायची. पण नियम म्हणजे नियम. मे महिन्यात वरोऱ्यात, चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कापलेली भाजी बाहेर दोन तास सुद्धा धोक्याची आहे हे मी तिथं शिकलो. त्यामुळे भाऊ, दुपारी ३ वाजता भर उन्हाळ्यात कच्ची काकडी-टमाटर खायचंच असेल आणि समोर कापून देणारा कोणी नसेल तर मी माझ्या आईला चेनमध्ये नेईन. पैसे गेले तर गेले.

आता पावाचं. तुमच्या आईची जीभ एकदम बरोबर आहे. आमच्याकडे पाव गोठवलेल्या पिठाच्या लांब कांड्यांच्या रूपात यायचा, दुकानात फुगवून भाजायचा, म्हणून तो वास छान येतो, पण रेसिपी वरून ठरलेली. गोडपणाचं म्हणाल तर २०२० मध्ये आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टानं सबवे ह्या सॅन्डविच चेनच्या पावाबद्दल निकाल दिला होता, तिथल्या टॅक्सच्या कायद्यात पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतच साखर चालते आणि ह्यांच्यात १० टक्के निघाली, म्हणून टॅक्सच्या हिशोबात तो ब्रेडच नाही असं कोर्ट म्हणालं. तो तिथला मामला आहे, इथली रेसिपी वेगळी असू शकते, पण गोड लागणं हा भास नाही एवढंच सांगतोय.

चेनमध्ये गेलात तर असं सांगा: पाव छोटा घ्या, टोस्ट करा, चीज नको, सॉस एकही नको, त्याऐवजी मिरपूड आणि लिंबू असेल तर लिंबू, भाज्या सगळ्या जास्त. भाज्या जास्त घातल्याचे पैसे आम्ही घेत नव्हतो, काऊंटरवर लोक लाजतात मागायला. लोणच्यासारखी मिरची, ऑलिव्ह हे मिठाच्या पाण्यातले असतात, ते नको. आणि मेन्यूवर कॅलरीचा आकडा बघा, १० किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्यांना तो लिहिणं बंधनकारक आहे. मेयोनीज तर दोन्हीकडे टाळा, तामिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती, उगाच नाही घातली.

निवृत्त_गुरुजी_आर्वी
सगळ्यांचं वाचलं. वरोऱ्याच्या मुलानं प्रामाणिकपणे लिहिलं, त्याचं कौतुक. तरी माझा कल स्पष्ट सांगतो, लोकल दुकानाला एक संधी द्यावी, पण गप्प बसून खाऊन शिव्या देत निघून न जाता.

आमच्या गावात चौकात एक तरुण सॅन्डविच विकतो. चटणी सकाळी सहाला वाटायची, रात्री आठपर्यंत तीच. मी चार वेळा खाल्लं, पाचव्या वेळी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याच्यापाशी बसलो आणि म्हटलं, बाबू, तुझी चटणी सकाळी अमृत असते आणि दुपारी ताकासारखी होते, काय करतोस? तो म्हणाला काकाजी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मिरची, अद्रक, लिंबू आणि घट्टपणाला फुटाण्याची डाळ, पण मिक्सर घरी आहे, दुपारी परत वाटायला कोण जाणार. मग आम्ही दोघांनी ठरवलं, एकच मोठा डबा नेण्यापेक्षा पाच लहान डबे न्यायचे, थर्मासच्या पेटीत बर्फावर ठेवायचे, एक संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. पेटी त्यानं जुनी घेतली, आइस्क्रीमवाल्याकडून. आज त्याची चटणी संध्याकाळी सातलाही हिरवीगार असते. हे चेनच्या कुठल्या काऊंटरवर मला करता आलं असतं? तिथला मुलगा म्हणेल सर, वरून ठरलेलं आहे.

आणि दुकानात १४ आकडी एफएसएसएआय (सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा) नंबर लावलेला आहे का ते पहावं. ठेलेवाल्यालाही नोंदणी करता येते, करावीच लागते. नंबर लावला म्हणजे पदार्थ चांगलाच असं नाही, पण ज्यानं कागद केला तो माणूस उद्याही त्याच जागी उभा राहणार असतो.

हिंगणघाटची_ताई
गुरुजी, तुमचं पटते, पण ह्या भाऊंना महिन्यातून एकदाच जायचं आहे हो, पाच वेळा खाऊन दोस्ती करायला वेळ कुठून येणार. तोपर्यंत आईच्या पोटावर प्रयोग?

निवृत्त_गुरुजी_आर्वी
ताई, आईला नाही, त्यानं आधी स्वतः खावं. एक फेरी आई सोबत नसताना करावी. नागपूरला कामानं जातच असेल ना.

भट्टीवाला_वणी
गुरुजीचं खरं आहे. अन् भाऊ, लोडशेडिंगच्या टायमाले कोण्या दुकानात करंटवालं ग्रिल असन तं थांबू नका, अर्धं गरम अर्धं गार देतात. गॅसवरचा हाताचा टोस्टर, दोन कानाचा, त्याच्यात पाव दोन्हीकून शेकून निघते. आईचे दात नाईत तं कड कापून द्या म्हणा, सगळे देतात.

पांढरकवडा_४४
मंडळी, १९ दिवसांनी लिहून रायलो, तुमा सगळ्याचे उपकार. गुरुजीनं सांगितल्यावर मी आधी एकटाच गेलतो, बियाण्याचं काम होतं नागपूरले. जाता जाता जामच्या अलीकडं पलीकडं पाच जागी थांबलो. तीन जागी पॅकिट दाखवाले नाई म्हटलं. एका जागी दाखवलं तं तारीख कालची संपलेली, त्याले तं माहीतच नव्हतं, त्यानं माह्यासमोर ते पॅकिट बाजूले काढून ठेवलं, मानलं पायजे त्याले. पाचवी जागा चौकापासून थोडी आत, एक मावशी अन् तिचा पोरगा. पॅकिट त्याच सकाळचं. मी स्लाइस दाबून पाह्यली, वर आली. काकडी अख्खी. मावशीले म्हटलं माह्या आईले हृदयाचा त्रास आहे, मीठ-मसाला-बटर काहीच नको, तं ती म्हणे "मंग चटणीत पण मीठ आहे बाबू, तिच्यासाठी बिनमिठाची वेगळी वाटून ठेवते, कधी येणार ते सांग". चटणी कमी लावली, आलू जास्त, बीट, काकडी, गॅसवर शेकलं, कडा कापल्या. मी तिथंच उभं राहून खाल्लं, अन् दोन तास काही झालं नाई तवा कुठं जीवात जीव आला.

काल आईले घेऊन गेलतो. दवाखान्यातून निघाले ३ वाजले, ऊन असं का रस्त्यावर पाणी दिसे. जामले पोचलो तं मावशीनं खरंच वेगळी वाटी काढून ठेवली होती, बर्फाच्या पेटीत, वर झाकण. आईनं पूर्ण खाल्लं. पूर्ण. मंग मावशीले विचारते का बाई यात लिंबू टाकलं का कैरी, अन् दोघी अर्धा घंटा बोलत बसल्या, गाडीत मी एकटा. ४५ रुपये झाले, मावशी ४० च घेत होती, मी ५० दिले.

वरोऱ्याच्या भावाचं पण सोडलं नाई मी. पावसाळ्यात गाडी उशिरा निघाली, दुकान बंद असलं तं चेनमधेच जाईन, पण आता मले मागता येते, छोटा पाव, टोस्ट, चीज नको, सॉस नको, भाज्या जास्त. हे कागदावर लिहून आईच्या फाइलमधे ठेवलं आहे.

हिंगणघाटची_ताई
वाचून बरं वाटलं भाऊ. लिंबू होतं का कैरी मग?

पांढरकवडा_४४
कैरी, ताई. आईनं घरी आल्या आल्या आमच्या झाडाच्या आठ-दहा कैऱ्या पिशवीत काढून ठेवल्या, पुढच्या तारखेले मावशीसाठी न्याच्या म्हणते.